डॉक्टरांनी विचारलं होतं, जयू

जयू, माझ्या लाडक्या भावा,

तू होतास तेव्हा मी तुला "जेवलास का" आणि "कुठे आहेस" याच्यापुढे कधी काही लिहिलं नाही. आज एवढं मोठं पत्र लिहायला बसलोय, कारण परवा विक्की घरी आला होता. तुमच्या संघाचा विक्की. येत्या रविवारी नवागामच्या मैदानावर तुझ्या नावाने कबड्डीचे सामने ठेवलेत, मुलांचे आणि मुलींचेही. बॅनरवर तुझ्याबद्दल दोन ओळी मी लिहून द्याव्यात असं त्याचं म्हणणं.

"प्रवीणभाई, तुमचं अक्षर एक नंबर. चूक पण नाही करत. लिहा ना, हसतमुख खेळाडू, हृदयविकाराने अचानक गेला. बस, एवढंच!"

मी लिहिलं. सवयीने शब्द दोनदा तपासले. सगळे शब्द बरोबर होते आणि गोष्ट खोटी होती. विक्कीला ते माहीत आहे, मला माहीत आहे, आईला माहीत आहे. फक्त कोमलला माहीत नव्हतं. आपल्या बहिणीला आम्ही वर्षभर तेच सांगत आलो होतो, की दादाचं हृदय बंद पडलं.

तुला आठवतं, पहिली कॅप्सूल तुला कुणी दिली? मीच! अप्पांच्या कमरेच्या ऑपरेशननंतरच्या सात-आठ कॅप्सूल उरल्या होत्या. आई औषध फेकत नाही, तुला माहीत आहे. साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवते. तुझा खांदा दुखावला होता आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजचा सामना होता. तू म्हणालास, "भाऊ, काहीतरी दे ना, हात वरच जात नाहीये." मी डबा उघडला. डॉक्टरांनी दिलेलं औषध आहे, म्हणजे चांगलंच असणार, असं मला वाटलं.

आणि पुढे मी काय म्हणालो, ते मी कालपर्यंत कुणालाच सांगितलेलं नव्हतं. तू विचारलंस, "एकीने नाही थांबलं तर?" मी म्हणालो, "अर्धा तास थांब आणि अजून एक घे."

हे मी कुठून शिकलो माहीत आहे? पांडेसऱ्याच्या मिलमध्ये, आमच्या कलर किचनमध्ये. कापडाचा रंग फिका आला की आम्ही थोडा रंग वाढवतो. परत बघतो, परत वाढवतो. रंगाच्या ग्रामा-ग्रामाचा हिशेब ठेवणारा मी! नववीत शाळा सुटली, पण या कामात माझा एक लॉट बिघडला नाही, असं सगळ्यांना सांगत फिरायचो. आणि गडद झालेलं कापड परत फिकं करणं किती कठीण असतं, हेही मला रोज दिसत होतं. मग तुझ्या बाबतीत मला ते का सुचलं नाही?

तो सामना तू जिंकून दिलास. खांद्यावर बसवून तुला घरी आणलं पोरांनी. आईने दृष्ट काढली.

नंतर डब्यातल्या कॅप्सूल संपल्या, पण तुझं घेणं संपलं नाही. विक्की आणून द्यायचा. कुठून, ते मला माहीत नव्हतं, मी विचारलंही नाही. तू मात्र बदलत गेलास. सारखं नाक खाजवायचास. जेवता जेवता हातात भाकरीचा तुकडा तसाच धरून झोपी जायचास, आणि आई कौतुकाने म्हणायची, "थकी गया मन्हा वाघ!" एखाद्या दिवशी कॅप्सूल मिळाली नाही की भर उन्हाळ्यात अंगावर काटा, जांभयांवर जांभया, नाक गळतंय, आणि कुणी बोललं की अंगावर धावून यायचास. मी विचारलं तर म्हणालास, "भाऊ, तू रंग कालव ना, मला खेळू दे." लागलं रे ते मला! लागलं म्हणून मी गप्प बसलो. तेवढं एक बोलणं मनाला लावून घेतलं आणि बाकी सगळं डोळ्यांआड केलं.

त्या दुपारी तू सरावावरून आलास, कॅप्सूलवर खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली प्यायलास आणि आडवा झालास. मी दुसऱ्या पाळीला निघालो होतो. तुझं घोरणं वेगळंच वाटलं, खोल, आणि मध्ये बराच वेळ काहीच नाही. हलवलं, तर तू उठेनास. ओठांचा रंग बघितला मी. रंग बघायचंच काम करतो ना मी! तसला रंग माणसाच्या ओठांना नसतो.

रिक्षात घालून तुला गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "काही घेतलं होतं का याने?" आईने माझा हात दाबला. मी म्हणालो, "नाही साहेब, खेळाडू आहे. ऊन लागलं असेल."

त्यांनी पुन्हा विचारलं. "नक्की? गोळी, दारू, काही?"

"नक्की," मी म्हणालो.

त्यांनी सलाईन लावलं. आम्ही बाकावर बसून राहिलो. तू थंड पडत चाललास तेव्हा कुठे मोठ्या हॉस्पिटलकडे धावलो. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्या डोळ्यांत बॅटरी मारली, टाचणीएवढ्या झालेल्या बाहुल्या बघितल्या आणि माझ्याकडे वळून ओरडल्या, "कौन-सी कॅप्सूल खाता था? जल्दी बोलो!" तेव्हा मी बोललो. त्यांनी इंजेक्शन दिलं, छाती दाबली. मग थांबल्या. या औषधावर उतारा असतो, जयू. इंजेक्शन असतं. तासभर आधी सांगितलं असतं तर... बाई एवढंच म्हणाल्या.

हॉस्पिटलचा कागद आईने पेटीत तळाशी ठेवलाय. मी एकदा विषय काढला तर म्हणाली, "चूप बठ. मन्हा पोऱ्याना नावले डाग नको लावू. लोके काय म्हनतीन?" मी गप्प बसलो. मला तर तेच हवं होतं! तुझ्या नावाआड मीच लपलो होतो.

आता काल काय झालं ते ऐक.

कोमल अकरावीत गेली. तुझ्यासारखीच चढाई करते, डावीकडून. रविवारी तीही खेळणार होती. पंधरा दिवसांपूर्वी तिचा गुडघा मुरगळला, आणि दोन दिवसांत ती उड्या मारायला लागली. आई म्हणाली हळदीचा लेप लागू पडला. काल सकाळी मी तिच्या मैदानाच्या पिशवीत गुडघ्याचा पट्टा शोधत होतो. हाताला पाकीट लागलं. तीच कॅप्सूल. दहांपैकी पाच उरलेल्या.

"कुणी दिलं हे?"

"विक्कीदादाने. का रे?" ती वेणी घालत होती. "जयूदादा पण हेच घ्यायचा ना? दुखणं पळतं एकदम. डॉक्टरचीच गोळी आहे, भाऊ, घाबरतोस काय?"

तुझं नाव सांगून विकलं त्याने तिला! आणि तिने का विश्वास ठेवू नये? आम्हीच तर सांगितलं होतं की तू हृदयाने गेलास.

मी तिला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं. डबा, अर्धा तास, दवाखान्यातलं माझं खोटं, सगळं. आई दारात उभी राहून ऐकत होती. मधे एकदा "प्रवीण!" म्हणाली, आणि खाली बसली.

कोमलने एकच विचारलं. "पहिली तू दिलीस?"

"हो."

तिने पिशवी माझ्या अंगावर फेकली. मला मारलंस तरी चालेल, म्हणालो, पण खरं सांग, पाच कुठे गेल्या? "एकच घेतली," म्हणाली. माझा विश्वास बसेना. तुझ्या बाबतीत विश्वास ठेवून बसलो होतो ना! लगेच तिला घेऊन सरकारी दवाखान्यात गेलो, पाकिटासकट. डॉक्टरांनी तिला तपासलं आणि मला म्हणाले, बरं झालं लवकर आणलं. दुखणं मेलं म्हणून गुडघा बरा झालेला नाही, सहा आठवडे खेळ बंद. दुसऱ्याच्या औषधातली एक गोळीसुद्धा कधी घ्यायची नाही.

परतताना उधन्याच्या बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. मला वाटलं, रविवार गेला म्हणून रडतेय. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मी खरंच एकच घेतली, भाऊ. बाकीच्या चार मी वाटल्या."

"कुणाला?"

"संघातल्या मुलींना. त्यांचंही दुखत होतं. मी सांगितलं, जयूदादा घ्यायचा." मग म्हणाली, "त्या आता विक्कीदादाकडून स्वतःच घेतात."

जयू, आमच्या खोटेपणाने त्या कॅप्सूलला तुझं नाव चिकटलंय, आणि ते घरोघर जातंय. विक्कीला मी फोन केला तर हसला. "टेन्शन नहीं लेने का, कंई नथी थतुं!" काही होत नाही, असंच तुलाही तो म्हणायचा का रे?

बॅनरचा कागद मी फाडला. रविवारी सामने होवोत न होवोत, मी मैदानावर उभा राहून खरं सांगणार आहे. पण रविवारपर्यंत वाट बघण्याएवढा धीर आता माझ्यात नाही. कोमलने आज कुठे चारही मुलींची घरं सांगितली आहेत. आज पाळी बुडवतोय. आई म्हणाली, ते लोक तुला हाकलतील. हाकलू देत. तुला वचन देतो, त्या मुलींच्या आईबापांना तू कशाने गेलास आणि पहिली कॅप्सूल कुणी दिली, हे माझ्या तोंडून कळेपर्यंत मी एकाही दारातून हलणार नाही.

आत्ताच मध्ये उठून पहिल्या घरी फोन केला. तिची आई म्हणाली, "ती झोपलीय, सकाळपासून उठलीच नाही. सराव जास्त झाला असेल." मी म्हणालो, "तिला हलवा, मावशी. आत्ताच्या आत्ता हलवा, आणि उठली नाही तर १०८ ला फोन करा. डॉक्टरांना कॅप्सूलचं सांगा. मी निघालोच."

पत्र इथेच सोडतोय. धावतोय.

तुझा मोठा भाऊ,
प्रवीण