गुलाबी टेबलक्लॉथ

३ मे

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. आईचा गुडघा, बाबांशी भांडण आणि टीव्ही, तिन्ही नेहमीसारखी चालू आहेत.

बातमी अशी की आमच्या हॉटेलच्या लाँड्रीचे मॅनेजर दुसरीकडे चाललेत आणि त्यांची खुर्ची रिकामी होतेय. ज्या तळघरात सुपरवायझर म्हणून मी इतकी वर्षं वाफ खाल्ली, तिथली खुर्ची कोणा परक्याच्या बुडाखाली गेलेली मला बघवणार नाही. म्हणून थेट हॉटेलच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी विचारलं की तुम्हालाच का द्यावी? मी सांगितलं की माझ्याएवढं इथे कोणी राबत नाही. बाई हसल्या आणि म्हणाल्या की बघू, थोडे दिवस तुमच्यावर लक्ष ठेवते.

तेव्हापासून कंबर कसलीय. सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या नंतर जाते. कोणी चादरीची घडी वाकडी घातली की हातातून ओढून मीच घालते. कुठल्या मशीनला किती पावडर, कुठल्या कापडाचा रंग सुटतो, सगळं माझ्या डोक्यात. मला विचारल्याशिवाय तिथे पान हलत नाही. वॉशिंग मशीन सांभाळणारी माझी मैत्रीण आहे ना, जिला सगळे वादळ म्हणतात, ती म्हणाली की तू मॅनेजर झालीस की आम्ही घरीच बसू, आमचं काय काम! जळते मेली.

तू छापखान्यात एवढी वर्षं मॅनेजर होतास. त्यातली मेख सांग. आई म्हणते, मेख कसली, तो ऑफिसात झोपायचा.

कळावे. उत्तर आलं नाही तर बिऱ्हाडासकट तिकडे येऊन थडकेन.

तुझी भाची,
भिंगरी

१२ मे

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद. (त्यातले निम्मे मामीचे. माझे तेवढे उत्तम नसतात.)

तुझी आई जन्माची चुगलखोर. झोपायचो हे मात्र खरं, आणि तेही दार सताड उघडं टाकून. मी घोरत असताना छपाई सुरळीत चालली, की मी मॅनेजर बरा आहे असं मालकाला वाटायचं. मी घामाघूम होऊन मशीनपाशी उभा दिसलो, की काय बिघडलं म्हणून तो धावत यायचा.

तुझं पत्र वाचून कपाळाला हात लावला. अगं, गाढव कितीही राबलं तरी त्याला कोणी कुंभार करत नाही. फार तर आणखी चार मडकी लादतात. बाईंना घड्या घालणारी हवी असती, तर ती त्यांना आधीच मिळालेली आहे, आणि सुपरवायझरच्याच पगारात. त्यांना बघायचंय ते हे की तू नसताना तिथे काय होतं. तेव्हा एक दिवस रजा टाक आणि घरी लोळत पड.

मामी विचारते की जेवतेस का वेळेवर. मी सांगितलं की जेवतही दुसऱ्याच्या हातातलं ओढूनच असेल.

कळावे, राग आला तर तो आईवर काढावा.

तुझा मामा

२७ मे

मामा,

शिरसाष्टांग नमस्कार आज तुला मिळणार नाही. घेतली रजा. ऐक काय झालं ते.

त्या दिवशी हॉटेलात दंतवैद्यांची मोठी परिषद होती. हॉलसाठी पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ धुवायचे होते. वादळने त्यांच्यासोबत नवे लाल नॅपकिन टाकले. त्या लालचा रंग सुटतो हे फक्त मला ठाऊक होतं. दुपारी सगळे दातांचे डॉक्टर गुलाबी टेबलांवर बसून जेवले. एकाने म्हणे विचारलं की हिरड्यांचा रंग मुद्दाम निवडलाय का!

मोठ्या बाईंना हसू आलं नाही. आमच्या जाणाऱ्या मॅनेजरांनी वादळकडे बोट दाखवलं आणि तिला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी सगळ्यांसमोर मला विचारलं की तुम्हाला काही म्हणायचंय का. मी मान खाली घालून नाही म्हटलं. मामा, बोलले असते तर खुर्ची गेलीच होती. आता वादळ घरी बसलीय आणि माझा फोन उचलत नाही.

पुढच्या शुक्रवारी माझी मुलाखत आहे. सांगू की नको?

भिंगरी

२ जून

चि. भिंगरीस, आशीर्वाद.

रजा घे म्हणालो, पण जाण्याआधी डोक्यातलं सगळं चारचौघांत वाटून जा हे सांगायचं राहिलं. तेव्हा निम्मी चूक माझी. उरलेली निम्मी तुझी. काय करायचं ते माहीत असूनही मला विचारतेयस, म्हणजे टपालाला उशीर होऊन माझं उत्तर मुलाखतीनंतर पोचावं अशी तुझी इच्छा दिसते. उत्तर तुझ्यापाशी आहे. माझ्याकडून वदवून घेऊ नकोस, मला पेन्शन मिळते, सल्ल्याचे जादा पैसे नाहीत.

कळावे, जे होईल ते कळवावे.

मामा

४ जून

ती. मामास, शि. सा. न. वि. वि. (परत मिळाला बघ.)

तुझं पत्र अजून हाती नाही. आज मुलाखत झाली. बाईंनी पहिला प्रश्न विचारायच्या आत मीच सुरू झाले. सांगितलं की रंग सुटतो हे मला माहीत होतं आणि मी मुद्दाम कोणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं असतं तर मला विचारायला कोण आलं असतं? बाई म्हणाल्या की यामुळे तुमचं नाव मागे पडेल हे कळतंय ना. मी म्हटलं, कळतंय, पण तोंडातून पडलेलं परत धुऊन आत ठेवता येत नाही.

बढती मिळाली नाही. मॅनेजर शनिवारी जातायत, म्हणून दुसरं कोणी मिळेपर्यंत लाँड्री मी बघायची. वादळला परत आणायचं. आणि अट अशी की एकाही चादरीला हात लावायचा नाही! मामा, त्यापेक्षा बाईंनी हात कापून ठेवायला सांगितलं असतं तरी परवडलं असतं.

वादळच्या घरी गेले. तिने आधी दार उघडलं नाही. मग उघडलं आणि माझी अशी हजेरी घेतली की अख्खी गल्ली खिडकीत आली. दम लागल्यावर पाणी दिलं आणि विचारलं की आणखी काय काय लपवून ठेवलंयस ते आता ओक.

भिंगरी

१९ ऑगस्ट

ती. मामास, शि. सा. न. वि. वि.

हात खिशात घालून फिरायची सवय झाली. सुरुवातीला घड्या वाकड्या पडल्या. एकही पाहुणा दगावला नाही. पावडरी, डाग, रंग, सगळं मी वादळला शिकवलं आणि आता ती बाकीच्यांना शिकवते. शिकवते म्हणजे ओरडते, पण ऐकतात.

आता कालची गोष्ट. इस्त्रीवर एक नवीन बाई आहे, तोंडातून शब्द न काढणारी. मोठ्या बाई माझ्या केबिनमध्ये बसलेल्या असताना ती आत आली आणि सरळ म्हणाली की हॉलचा पडदा माझ्या हातून जळला, मी दुसरीकडे बघत होते, आता काय करायचं ते सांगा.

मामा, आमच्या तळघरात आजवर असं कोणी केलेलं नाही. जळलेलं, फाटलेलं सगळं मशीनमागे कोंबायची रीत. मी स्वतः किती कोंबलंय! मला ओरडायला हवं होतं. पण मी विचारलं की तुझा हात भाजला नाही ना. मग मोठ्या बाई, ती आणि मी जाऊन पडदा बघून आलो. भोक एवढं मोठं की त्यातून वादळचं डोकं आरपार गेलं, तिथे येऊन तिने घालून दाखवलं.

मोठ्या बाई जिना चढताना थांबल्या. म्हणाल्या की दुसरं कोणी शोधायचं मी बंद करते, दारावर तुमच्या नावाची पाटी लावायला सांगते. मी थँक्यू म्हणायचं विसरले. पडदा जळाला म्हणून एवढी खूश झालेली मॅनेजर तू तरी पाहिलीयस का?

आईला अजून सांगितलं नाही. आधी तुला. कळावे, लोभ आहेच, तो मामीशी वाटून घ्यावा.

तुझी भाची,
मॅनेजर (लाँड्री), पडदा एक कमी