टोपलीतले देव आणि माझी चक्कर

६ जानेवारी १९५७
सकाळी उठलो आणि आढं फिरलं. खाटेची कड धरून बसून राहिलो. आपोआप थांबलं. बायको सुभद्रा चुलीपाशी होती, तिला काही बोललो नाही. यापुढे इथे नुसतं 'च.' लिहीन. चक्कर हा अख्खा शब्द लिहिला की मान जड होते.

९ जाने.
कापसाच्या जिनात रेच्यावर, म्हणजे सरकी काढायच्या यंत्रावर, कापूस टाकताना च. शेजारून पट्टा सपासप पळत होता. खांबाला पाठ लावून उभा राहिलो. मुकादम म्हणाला, "काहून गा नामदेव, झोपा काढून राह्यला?" हसण्यावारी नेलं. त्याला कळलं तर उद्या माझ्या जागी दुसरा. मेलेली ढोरं ओढायची आम्ही सोडली म्हणून गावानं आमच्या बायांना वेचणीला बोलावणं बंद केलंय. घर माझ्या एकट्याच्या रोजावर.

१३ जाने.
दादा आठवतात, माझे वडील. बांधावर बसले, "जग फिरून राह्यलं" म्हणाले, आडवे झाले ते झालेच. केस काळे होते त्यांचे. माझेही काळेच आहेत.
आंघोळीआधी आता एकेका हाताने बादली उचलून पाहतो, लकव्यानं डावा मागे पडतो का. आज डावा हलका वाटला. मग उजवा. मग दोन्ही. मूर्खपणा आहे हे कळतं, तरी हात बादलीकडे जातोच.

१८ जाने.
दिग्रसच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी डोळ्यांत बत्ती मारली, छाती तपासली. काही नाही म्हणाले. जेवत जा, झोपत जा, विचार कमी करा. गोळ्या दिल्या. बाहेर पडलो तेव्हा खूप बरं वाटलं, गावच्या वेशीपर्यंत. मग वाटलं, त्यांना सापडलं नाही म्हणजे खोल असणार.

२२ जाने.
मायला कळलं. भिंत धरून उभा दिसलो तिला. आधी देवळीकडे पाहिलं तिनं. तिथे आमचे देव असायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आलो तेव्हा मीच ते टोपलीत भरून नदीत सोडले. त्या दिवशी ती चकार शब्द बोलली नव्हती. आज म्हणाली, "मरीआई आहे ते. तिले घराभाईर काढलं तुनं."
चिडलो. ताट सरकवलं. "तसं काही नसते, माय," म्हणालो. पुन्हा म्हणालो. मग पुन्हा. एकदा म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

२७ जाने., रविवार
वस्तीत बुद्धवंदना मीच वाचतो. आज मध्येच अक्षरं पोहायला लागली. पाठ होती म्हणून निभावलं. समोर सखारामकाका. त्यांच्या घरी देव अजून आहेत, आणि त्यांच्याकडे पाहून मागच्या गल्लीनेही ठेवलेत. वंदना झाल्यावर काका म्हणाले, "पाहून राह्यलो, बाप्पा. तुये देव गेले, तुले काई झालं नाई. मंग आमीबी सोडू."
तुले काई झालं नाई. घरी येऊन पुन्हा बादली उचलून पाहिली.

५ फेब्रु.
आल्याचा तुकडा दाढेखाली. मान सरळ. वळायचं तर अख्खं अंग वळवायचं. काठी घेतली तर लोक विचारतील, म्हणून छत्री घेऊन हिंडतो. ऐन माघात छत्री! हसतात, हसोत.

१६ फेब्रु.
काकांचं ठरलं, देव सोडायचे. येत्या रविवारी नाही, त्याच्या पुढच्या. पाण्यात उभं राहून टोपली मीच घ्यायची हा त्यांचा हट्ट. सुभद्राला आता सगळं माहीत आहे. म्हणते, "तब्येत बरी नाई म्हणून सांगून टाका ना." कसं सांगू? मी आजारी आहे कळलं की टोपली घरातच राहील. आणि पाण्यात पडलो तर? इकडे आड, तिकडे विहीर.

२४ फेब्रु., रविवार
पडलो.
गुडघाभर पाणी. काका टोपली घेऊन उतरले, मी हात पुढे केले, आणि समोरचा काठ वर गेला. दगडावर आपटलो. कपाळ फुटलं. उठून उभा राहिलो. मग कोणी बाई म्हणाली, "पाह्यलं? मरीआईनं पाडलं!" काकांनी टोपली छातीशी धरली आणि मागे सरकले.
तेवढ्यात काठावरून माय ओरडली. "कायची मरीआई! पेला हाय तो! सकाळपासून मोहाची पेऊन राह्यला. म्या वास घेतला!"
आधी एक जण हसला, मग सगळे. काका हसले नाहीत. माझ्याकडे पाहून थुंकले आणि टोपली स्वतःच धारेत सोडली. मागच्या गल्लीचे देवही गेले.
दीक्षेपासून थेंबाला शिवलो नाही मी. तरी तोंड उघडलं नाही.

२६ फेब्रु.
वंदनेचं वाचन माझ्याकडून गेलं. काका दारात आले, बसले नाहीत. "पाच शीलं तूच शिकोली आमाले. आमी दारू सोडली, आन तू?" मी मान खाली घातली. खरं सांगितलं असतं तर नदीत गेलेल्या देवांची भीती परत त्यांच्या घरात शिरली असती.
जिनातही बातमी पोचली. मुकादमाने रेच्यावरून काढून सरकी भरायला लावलं. रोज कमी, पण पट्टा लांब. तेवढं बरं झालं, असं लिहिताना लाज वाटते.

१ मार्च
शेवटी मायला विचारलं. "तुले खरंच वाटते, मी पेलो होतो?"
"नाई रे. वास कुठचा तुया तोंडाले?"
"मंग काहून बोलली तसं?"
भाकर थापत होती, हात थांबला नाही. "मरीआईनंच पाडलं तुले. मले दिसलं. पण लोकायले कायले सांगू? त्यायचं मन झालतं देव सोडाचं. तुयंच काम होतं ना ते."
माझी अब्रू घालवून तिनं माझंच काम तडीस नेलं. तिचा राग करवत नाही. पण 'मले दिसलं' हे तिचे शब्द दिवसभर डोक्यात आहेत. काठ वर जाताना माझ्या तोंडून कोणाच्या तरी नावाची हाक निघाली होती. कोणाच्या, ते आठवत नाही. आठवायची भीती वाटते.

३ मार्च, रविवार
सुभद्रा म्हणते, यवतमाळच्या मोठ्या डॉक्टरला दाखवा. सुट्टी कोणत्या तोंडाने मागू? मुकादम म्हणेल, अजून उतरली नाही का.
वंदनेला अगदी मागे बसलो. काकांचा जावई वाचत होता, अडखळत. उभं राहताना च. आली. आता भिंत धरायला हरकत नव्हती, वस्तीच्या लेखी कारण ठरलेलं आहे, दारू. माझा हात भिंतीकडे जायच्या आधी मायनं कोपराखाली हात दिला. सगळे वंदना म्हणत होते. तिचेही ओठ हलत होते, पण शब्द वंदनेचे नव्हते. कोणाला विनवत होती ते ऐकायला मी कान खाली नेला नाही. फिरणं थांबेपर्यंत तिचा हात धरून उभा राहिलो.