दक्षिणेचं दार

तीर्थरूप बाबांना,

दिवा स्टेशनजवळच्या भाड्याच्या खोलीत टँकरच्या पाण्यावर दिवस काढून विनीतने आणि मी डाउन पेमेंटचे पैसे जमवले, आणि सासरेबुवा, तुम्ही तीन फ्लॅट नापास केलेत! एकाच्या खिडकीतून स्मशान दिसतं, दुसऱ्याला पायऱ्या फार. काल शीळफाट्याच्या फ्लॅटबाहेरूनच परतलात. "दार दक्षिणेला आहे, मी पाऊल ठेवणार नाही!"

आज सकाळी, तुमच्यापुढे कधी ब्र न काढणारा तुमचा मुलगा मला म्हणाला, "शिवानी, चेकबुक घे." तोच फ्लॅट बुक केला. रिक्षात मी आनंदाने रडले.

घरी आलो, तर तुम्ही आमच्यासाठी चहा करून ठेवलेला.

"कुठे गेलेलात रे?"

"बाजारात," विनीत म्हणाला.

मीही मान डोलावली.

तुमची खोटारडी सून,
शिवानी