बादलीला हात लावण्याआधी नवख्यांनी वाचावे

प्रिय मामा,

माझं आयुष्य बदललं ते एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, आमच्या दुरुस्तीच्या दुकानाच्या काउंटरवर एक चौदा इंची डबा टीव्ही धाडकन आदळला तेव्हा. पण त्याआधी नमस्कार. (वाकून केला आहे. तुम्हाला दिसणार नाही, पण माझ्या कमरेला कळला.) पायाचं प्लास्टर कसं आहे? खाज सुटते म्हणून तुम्ही मामींची विणकामाची सुई आत सारलीत आणि ती आतच राहिली, असं आईकडून कळलं. तीस वर्षं लोकांच्या लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस घरातल्या स्टुलावरून पडला, याला मी अजिबात हसलो नाही, हे इथे लेखी देतो. पडताना चष्माही फुटल्यामुळे हे पत्र मामीच तुम्हाला मोठ्यानं वाचून दाखवणार, हे मला माहीत आहे. तेव्हा मामी, तुम्हालाही नमस्कार, आणि कंस आला की आवाज जरा खाली घ्या.

गेल्या आठवड्यात फोनवर तुम्ही विचारलंत, "सध्या काय चाललंय तुझं?" मी म्हटलं, "स्पीडरन." तुम्ही म्हणालात, "बरं." त्या 'बरं'मध्ये मला जी ओढ जाणवली, तिला जागून हे पत्र लिहितो आहे. महिनाभर पाय उशीवर ठेवून पडायचं, तर माणसानं काहीतरी शिकावं. (कॉलेज अर्धवट सोडलेल्यानं हे सांगू नये, असं आता मामी पुटपुटल्या असतील. मामी, मी कॉलेज सोडलं ते प्रयोगशाळेतल्या सरांनी माझं बरोबर आलेलं उत्तर चूक म्हटलं म्हणून. नंतर ते उत्तर चूकच निघालं, पण तोवर मी गेटबाहेर पोचलो होतो आणि परत फिरणं बरं दिसलं नसतं.)

तर स्पीडरन म्हणजे एखादा व्हिडिओ गेम पहिल्या बटणापासून शेवटच्या पडद्यापर्यंत कमीत कमी वेळात संपवणं. बस. ज्यांनी गेम बनवला त्यांना वाटतं, लोकांनी रमतगमत खेळावं, देखावे बघावेत. आम्ही देखाव्यांकडे ढुंकून बघत नाही. आमचा गेम दीपगृहाचा आहे. एक म्हातारा दिवेकरी तेलाची बादली घेऊन बारा मजले चढतो आणि वरचा दिवा लावतो. (दीपगृहात लिफ्ट नाही. तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगणं भाग आहे.) साध्या माणसाला याला तीन तास लागतात. आमच्यातल्या सगळ्यात जलद माणसाला अठरा मिनिटं बेचाळीस सेकंद. मला पहिल्यांदा सव्वादोन तास लागले आणि मी त्याचा व्हिडिओ सगळ्यांच्या वेळांच्या यादीत नोंदवायला पाठवून खाली लिहिलं, 'विक्रम किती दिवसांत जाहीर होतो?' नवख्यानं हे करू नये. यादी आधी बघावी. मी यादीत शेवटून पहिला होतो, आणि माझ्या वर जी बाई होती तिनं एका हाताला बँडेज असताना खेळून मला वीस मिनिटांनी मागे टाकलं होतं.

पण मी टीव्हीबद्दल सांगत होतो. तो डबा टीव्ही ज्या मुलीनं आणला, ती तो एकटीनं उचलून रस्ता ओलांडून आली होती. कपाळावर घाम, बाहीला प्लास्टरची पांढरी पूड. (तुमच्या पायासारखं प्लास्टर नव्हे. ती कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात काम करते, दिवसभर लोकांचे दात घडवते.) मला म्हणाली, "दादा, याला उशीर आहे का बघा ना."

मामा, 'दादा'. आयुष्य बदलण्याच्या ऐन क्षणी 'दादा'. मी म्हटलं, "उशीर कसला, याची तर वेळच भरलीय." तर तिनं अगदी गंभीरपणे समजावलं, की नव्या चपट्या टीव्हीत बटण दाबल्यापासून चित्र हलेपर्यंत निमिषभर उशीर होतो, या जुन्या डब्यांत होत नाही, आणि त्या निमिषभरात दिवेकरी सातव्या मजल्यावरून खाली पडतो. एवढ्याशा वेळाची एवढी काळजी करणारं माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. आमचे मालक तर 'उद्या या' सोडून दुसरं वाक्य बोलत नाहीत. मी तो टीव्ही दोन तासांत दुरुस्त केला, आणि संध्याकाळी मालकांच्या माळ्यावरून माझ्यासाठीही एक डबा खाली उतरवला. तिला सगळे मुंगी म्हणतात. स्वतःपेक्षा जड वस्तू उचलते म्हणून की काय, कोण जाणे, मी विचारलं नाही. मी काहीच विचारलं नाही. दर रविवारी चार वाजता ही मंडळी एका शिकवणीच्या वर्गात जमतात, बाकं भिंतीला लावतात आणि खेळतात, एवढं कळलं आणि मी जाऊ लागलो.

तिथले रीतिरिवाज तुम्हाला सांगतो, कारण ते मी एकेक मोडूनच शिकलो आहे. कुणाचा रन रंगात आला असेल तर त्याच्या मागे उभं राहून "आज होणार बघा!" असं म्हणू नये. मी म्हटलं. तो माणूस पेशानं बेकरीवाला, मनानं अतिशय शांत. बाराव्या मजल्यावर, दिवा चार पायऱ्यांवर असताना त्याची बादली सांडली. त्यानं वळून माझ्याकडे फक्त पाहिलं. मामा, ते बघणं मला अजून पावात दिसतं. दुसरं, पहिल्या मजल्यावर चूक झाली म्हणून लगेच गेम बंद करून पुन्हा सुरू करू नये. चुकलेला रनही शेवटपर्यंत न्यावा. मी एकदा दुपारभर फक्त पहिला मजलाच खेळलो, एकशे चाळीस वेळा. पहिल्या मजल्यावर जगात माझ्याएवढं जलद कुणी नाही. दुसरा मजला मला फारसा ओळखत नाही. तिसरं, कुणी स्वतःचाच जुना वेळ दोन सेकंदांनी मोडला तर, तो तुमच्याहून तासभर मागे असला तरी, टाळ्या वाजवाव्यात. मी आधी वाजवत नव्हतो. मग माझे दोन सेकंद कमी झाले तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जोरात टाळ्या बेकरीवाल्यानंच वाजवल्या, आणि मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. (मामी, इथे पुढे चला.)

आता मुख्य नियम. आमच्याकडे एखादी नवी युक्ती जो शोधतो, तिला नाव देण्याचा मान त्याचा. आणि पुढे जो कुणी ती युक्ती वापरेल, त्यानं आपल्या रनखाली शोधणाऱ्याचं नाव लिहायचं. यात कुणी कसूर करत नाही. म्हणून युक्ती जाहीर करण्याआधी जुन्या नोंदींची वही वाचायची असते. चारशे पानं आहेत, संगणकावर, सगळ्यांना खुली. नवख्यानं ती वाचावी. मी वाचली नाही.

झालं असं, की एका गुरुवारी जेवणाच्या सुट्टीत, सातव्या मजल्यावर, मी चुकून बादली खाली ठेवायचं आणि नकाशा उघडायचं बटण एकदमच दाबलं. दिवेकरी बादलीवर चढला, बादलीसकट छतातून आरपार गेला आणि थेट आठव्या मजल्यावर उभा! अकरा सेकंद वाचले. मी दुकानात ओरडलो. मालक टेबलाखाली शिरले, त्यांना वाटलं शॉर्टसर्किट. आणि मग, मामा, मी तेच केलं जे प्रेमात पडलेल्या माणसाच्या हातून नको तेव्हा होतं. मी त्या युक्तीला नाव दिलं 'मुंगीउडी'. आमच्या ग्रुपवर सगळ्यांसमोर जाहीर केलं. खाली लिहिलं, 'ही नवी युक्ती मी मुंगीला अर्पण करतो.'

पाच मिनिटांत उत्तर आलं. ते 'पडताळणी' या नावानं आलं होतं. आमच्याकडे रन तपासणारे तीन-चार जण हेच एक नाव आळीपाळीनं वापरतात, म्हणजे निर्णयावरून कुणाशी वैर नको. उत्तर एवढंच होतं : 'युक्ती जुनी आहे. कृपया वही बघावी.' सभ्य माणूस इथे वही बघतो. मी लिहिलं, 'तुम्हाला दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही.' पडताळणीनं पानाचा क्रमांक दिला. मी लिहिलं, 'पानं काय, मागाहूनही घुसडता येतात.' (मामा, विनापुरावा कुणाला लबाड म्हणू नये, हा आमच्यातला सगळ्यात कडक नियम आहे. चोरलेला वेळ परत घेता येतो, हा शब्द घेता येत नाही.) मी थांबलो नाही. अकरा मेसेज लिहिले. 'खुर्ची उबवणारे' म्हटलं, 'हातात कंट्रोलर धरता येतो का' विचारलं. शेवटी ठणकावलं, 'मुंगीलाच विचारा, ती सांगेल हे किती नवं आहे ते!' उत्तर आलं, 'विचारलं. ती म्हणते, जुनं आहे.' त्यावर मी काय लिहावं? मी लिहिलं, 'तुम्ही मुंगीला ओळखतच नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगी दुकानात आली. टीव्ही नव्हता, हातात फक्त फोन. मालकांना म्हणाली, "काका, पाच मिनिटं यांना घेऊ का?" मग मला म्हणाली, "अकरावा मेसेज वाचला. त्यातलं 'ओळखतच' बरोबर लिहिलंयस, बाकीचं सगळं चुकलंय." आणि फोन पुढे केला. तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ. दिवेकरी, बादली, छत, आठवा मजला. मागून तिचाच आवाज, आनंदानं चिरकलेला. वहीत युक्तीचं नाव नुसतं 'बादली', शोधणारी मुंगी. त्या आठवड्यात पडताळणीची पाळी कुणाची होती, हे मी तुम्हाला वेगळं सांगायला नको.

म्हणजे मामा, मी एका मुलीची वस्तू उचलली, तिच्यावर तिचंच नाव घातलं, तिलाच भेट दिली, आणि ती "अहो, ही माझीच" म्हणाली तर तिला चोर ठरवलं.

मी काय केलं? मी म्हटलं, "तीन वर्षांपूर्वी मी कॉलेजात होतो, मला कसं कळणार?" ती म्हणाली, "वही वाचून." मालक म्हणाले, "उद्या या." (सवयीनं म्हणाले, पण ती गेली.) मला पंधरा दिवस बोलायला बंदी झाली. रविवारी जायचं, बाक भिंतीला लावायचं, गप्प बसायचं. पहिल्या रविवारी बेकरीवाल्यानं माझ्या शेजारी बसून विचारलं, "पाणी?" आणि मान डोलवून उत्तर द्यायची वेळ माझ्यावर आली. मुंगी समोरच्या बाकावर पाठमोरी खेळत होती. तिनं तासाभरात एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी मोजत होतो, मला दुसरं काम नव्हतं.

असो. प्लास्टर निघालं की कळवा. त्या सुईचंही कळवा. आईनं तुम्हाला मला चार शब्द सुनावायला सांगितलं आहे, हे मला ठाऊक आहे; ते प्लास्टर निघाल्यावर एकदमच सुनावा.

तुमचा लाडका (अजून असल्यास) भाचा

ता. क. : खरं सांगायचं तर तुमच्या त्या 'बरं'मध्ये ओढबिढ काही नव्हती, हे मला तेव्हाच कळलं होतं. आमच्याकडे ज्याच्यावर बंदी येते, त्यानं परत यायचं तर नवख्यांसाठी एक पान लिहायचं असतं : काय करावं, काय करू नये, आपण काय केलं. आणि एका खऱ्याखुऱ्या नवख्यानं ते वाचून 'समजलं' असं लिहून द्यावं लागतं. हे पत्र म्हणजेच ते पान आहे. पंधरा दिवस आज संपतात, चार वाजता सगळे जमतील आणि पान मुंगी तपासणार आहे. तेव्हा हे पत्र ज्यावर आलंय त्या मामींच्या फोनवरूनच कृपया दोन ओळी पाठवा. पहिली ओळ 'समजलं.' दुसरी तुम्हाला सुचेल ती, पण त्यात मी तुमचा भाचा आहे हे नको. गेम खेळायलाच हवा असं मुळीच नाही.

ता. क. २ : पान म्हणून देताना मी प्रेमाचा भाग गाळणार होतो. मग मेसेजांचा भाग गाळावासा वाटला. मग कॉलेजचा. एवढं गाळल्यावर उरलं काय, तर 'बाकं भिंतीला लावावीत.' म्हणून सगळं तसंच ठेवलं आहे.

ता. क. ३ : मामा, उत्तर पाठवू नका. आत्ता सगळं पत्र पुन्हा वाचलं. त्यात बेकरीवाल्याचा पाव आहे, मालक आहेत, तुमची सुई आहे, पण 'चुकलं माझं' हे दोन शब्द कुठेही नाहीत. त्या दिवशी काउंटरवरही मी ते म्हटले नव्हते. अकरा मेसेज लिहिले आणि बारावा लिहायचा राहूनच गेला. तुमच्या 'समजलं'वर मला आत घेतील, नियमानं घ्यावंच लागेल, पण मुंगी तशीच पाठमोरी खेळत राहील. साडेतीन वाजलेत. ती आधी येऊन टीव्ही लावते, एकटीच असते. ती ऐकून घेईल की टीव्ही उचलून दुसऱ्या बाकावर जाईल, काही सांगता येत नाही. पान छापून नेत नाही, कारण हातात कागद असला की मी बाजू मांडायला लागतो. मालक विचारतायत, कुठे निघालास, दुकान कोण बघणार? त्यांना म्हटलं, उद्या या. हे पायरीवर उभा राहून टाइप करतोय : निघालो आहे, आणि दार ओढून घेतलं आहे.