एका शब्दाची दुरुस्ती

बाबा, रेल्वेतून रिटायर झाल्यावर महानगर मोहल्ल्यातल्या घरात तुम्ही रस्ट ही प्रोग्रामिंगची भाषा शिकलात. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप, शेजारी मटारचा ढीग, आणि तुम्ही रुळांची मापं तपासणारी छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांनाही आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येईल असा कोड, लिहिता आहात. मॅक्रो म्हणजे एक लहान नाव, कोड यंत्राच्या भाषेत नेणारा कंपायलर त्या जागी सगळा कोड भरतो, असं आईला समजावता. "म्हणजे मी फोडणी म्हटलं की तुम्ही तेल, मोहरी, हिंग सगळं घालणार?" ती विचारते. "अहो, आधी मटार सोला." मग तुम्ही माझ्या स्क्रीनकडे वळता. मी वरती एक ओळ लिहून एका लायब्ररीतले सगळे मॅक्रो एकदम आणलेले. "सगळं दुकान कशाला उचलून आणतेस? हवं त्याचं नाव घे."

तुमची लायब्ररी तुम्ही नेटवर सगळ्यांसाठी ठेवलीत. आमचं ऑफिस ती अजून वापरतं. ती तुमची आहे हे तिथे कुणाला ठाऊक नाही.

गेल्या आठवड्यात आम्ही सगळं एकदम आणणाऱ्या त्या जुन्या ओळी काढल्या. तुमचा मापाचा मॅक्रो मी नावाने मागवला, तर कंपायलर म्हणाला, दुसराच एक मॅक्रो सापडत नाही. तुमचा मॅक्रो आतून त्याला बोलावत होता. सगळे एकदम येत तेव्हा तोही येई, म्हणून कधी कळलं नाही. त्याच्या आधी ‘डॉलर क्रेट’ हा एक शब्द लिहायला हवा होता, म्हणजे कंपायलरने तो तुमच्याच लायब्ररीत शोधला असता. आतल्याचंही नाव प्रत्येक फाइलीत लिहून भागलं असतं, पण ते ठिगळ ऑफिसला नको होतं. आणि मूळ चूक सुधारायला, लायब्ररी जिथे ठेवलीत ते तुमचं खातं उघडावं लागतं. त्याचा ओटीपी तुमच्या फोनवर जातो. तो नंबर तुम्ही गेल्यावर आम्हीच बंद केला.

"मैम, कॉपी मार लेते हैं," शेजारचा सहकारी म्हणाला. "नए नाम से डाल देंगे. इसका मालिक तो बरसों से सोया पड़ा है."

"शाम तक रुको," मी म्हटलं. "मालिक का नंबर ढूँढकर ओटीपी माँगती हूँ."

हजरतगंजला मेट्रो स्टेशनच्या जिन्यात उभं राहून मी तुमचा नंबर लावला. नंबर अजून पाठ आहे. कंपनीने तो आता दुसऱ्याला दिला असणार; कुणी वयस्कर माणसाने उचलला.

"बैंक से हैं? देखिए, ओटीपी हम किसी को नहीं बताते."

"नहीं भैया. पापा से बात करनी थी."

"कौन पापा?"

त्याने फोन ठेवला नाही. मागे कुकरची शिट्टी झाली. "बिटिया, गलत लग गया है," तो म्हणाला. "आराम से मिलाओ."

संध्याकाळी मी तुमची लायब्ररी नव्या नावाने उतरवून घेतली, तो एक शब्द घातला, आणि आमच्या कोडमधून तुमच्या लायब्ररीचं नाव काढलं. सगळं बिनबोभाट चाललं. ऑफिसात सांगितलं, ओटीपीसाठी प्रयत्न केला, मिळाला नाही.

बाबा, मी तो मागितलाच नव्हता.