उलटी लावलेली शेवग्याची फांदी

अण्णा, मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की परसातला शेवगा तुम्ही लावलात. ते चुकलं. आईला विचारलं तर ती हसायलाच लागली. "व्हय, लावला! फांदी उलटी खोवली होती तुझ्या अण्णांनी. मीच उपटून सुलटी केली." म्हणजे राजगुरुनगरहून सायकलला बांधून आणलीत तुम्ही, पण झाड आईचं. हे आधी दुरुस्त करते, कारण पुढचं सगळं त्या झाडाचंच आहे.

शाळेत जायच्या आधी माझी शाळा त्याच्याखाली भरायची. तुम्ही पहिल्या शिफ्टहून येता, डबा ठेवता आणि मला मांडीवर घेता. डहाळीवरची बारकी पानं मोजत मी अंक शिकते. मग तुम्ही ती डहाळी पांढऱ्या रुमालात धरून ओढता. रुमालावर करडा पट्टा उठतो. "बघ, कंपनी आपल्याकडं जेवायला आली," तुम्ही म्हणता. आतून आई ओरडते, "रुमाल तुमचा तुम्हीच धुवा!" मागच्या गल्लीतल्या शेडमध्ये जुन्या बॅटऱ्या वितळवतात, याचं तेव्हा कोणालाच काही वाटत नव्हतं.

आता पानांवरची धूळ तपासणं हेच माझं काम आहे. चाकणच्या रस्त्याकडेच्या वडाची, कडुनिंबाची पानं आणायची, अर्धी धुवायची, अर्धी तशीच ठेवायची आणि दोन्हींत शिसं किती ते बघायचं. त्यावरून हवेत काय आहे ते कळतं, आणि धूळ अडवायला झाडं कुठे दाट लावायची तेही. एकदा सहज आपल्या शेवग्याचा पाला नेला. धुतलेल्या पाल्यातही शिसं निघालं, खाऊ नये इतकं. वाटलं, माझंच काही चुकलं असेल. पुन्हा नेला. पुन्हा तेच.

आई दर शनिवारी पाला खुडते. शेजारच्या काकूंच्या सुनेला दिवस गेलेत, म्हणून तिच्यासाठी मुद्दाम कोवळा बाजूला काढते. "रक्त वाढतं गं," म्हणते. तुम्ही गेल्यापासून ती एवढ्या आनंदाने दुसरं काही देत नाही. काय सांगायचं ते मी पाठ केलंय. झाड तोडायचं नाही, धूळ अडवत उभं राहू दे. फक्त खायचं नाही, आणि शेडच्या बाजूला कडुनिंब लावू. पण गेल्या शनिवारी तिने भाजी वाढली आणि विचारलं, "गप का? मीठ कमी पडलं?" "नाही गं, छान झालीय," म्हणाले आणि ताट चाटूनपुसून संपवलं. तिसऱ्यांदा तपासून मग सांगू, अशी मी मनाची समजूत घालत होते. खरं तर धीर होत नव्हता.

अण्णा, इतकी पानं लिहिली ती तुम्हाला, कारण तुमच्यासमोर बोलायला भीती वाटत नाही. ऐकायला हवं ते आईने, आणि त्या सुनेने. उद्या शनिवार. आई पाटी घेऊन परसात उतरायच्या आत सांगणार आहे.