अण्णांचा हँडलबार आणि माझा पुरावा

३ मार्च, रविवार, सकाळ

आजपासून मोटरसायकलचं काम माझ्या देखरेखीखाली. ब्रिटिश, अठ्ठावन्न सालची. गाडी अण्णांची, म्हणजे वडिलांची, ज्ञान माझं.

१७ तारखेला आई-अण्णांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतात. त्या दिवशी आईला मागे बसवून एक चक्कर मारायची, एवढंच अण्णांना हवंय. नंतर त्यांच्या खांद्याचं ऑपरेशन, आणि पुढे दुचाकी कायमची बंद, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय. म्हणजे ही शेवटची चक्कर. ती चुकीच्या हँडलबारवर होऊ देणार नाही.

सध्याचा हँडलबार उंच आणि बैलाच्या शिंगांसारखा रुंद आहे. कुणा अडाण्याने मागाहून बसवला असणार. पुरावा हॉलमध्ये टांगलेला आहे: लग्नाआधीचे अण्णा, गाडीवर, फोटोत. त्यात हँडलबार चक्क खाली झुकलेला. इंजिन अण्णांच्या बेलबॉटममागे गेलंय, पण इंजिनाबद्दल वाद नाहीच.

५ मार्च, मंगळवार

फोटोवर कोनमापक लावून हँडलबारचा कोन काढला. बायको म्हणाली, अण्णांच्या नाकावर पेनाची रेघ आलीय. ती संदर्भरेषा आहे, असं सांगितलं. ती 'बरं' म्हणाली. तिच्या 'बरं'मध्ये पटल्याचा भाग कमी असतो.

अण्णांना विचारलं, हीच ना ती गाडी? आईकडे बघत म्हणाले, हो, म्हणजे, गाडीच आहे. साक्ष पक्की.

६ मार्च, बुधवार

जुन्या मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपवर विषय टाकला. ग्रुपचा अ‍ॅडमिन, ज्याला सगळे नटबोल्ट म्हणतात, त्याने कळवलं की ब्रिटनबाहेर पाठवलेल्या या मॉडेलला उंच हँडलबारच यायचा, आहे तोच ठेवा. मी लिहिलं, आमच्याकडे पुरावा फ्रेम करून लावलाय. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. शरणागती स्वीकारून ग्रुप सोडला. उथळ पाण्याला खळखळाट फार.

९ मार्च, शनिवार

नवा हँडलबार बसला. खाली झुकलेला, अरुंद, त्या काळाला धरून. मेकॅनिक म्हणाला, चालवणार अण्णा, तर त्यांना एकदा बसवून बघू. इतिहास कुणाच्या कमरेच्या मापाने बदलत नाही, असं मी सुनावलं. केबलही आखूड घातल्या.

जुना हँडलबार भंगारात देणार होतो. बायकोने मागून घेतला आणि बाथरूमच्या भिंतीला टॉवेलसाठी लावून घेतला. दोन टॉवेल आणि माझी हाफपँट आरामात मावते. त्याला लायकीचं काम मिळालं.

१० मार्च, रविवार, संध्याकाळ

चाचणी यशस्वी. पूर्ण वळवलं की अंगठा टाकी आणि लिव्हरच्या मध्ये चेंगरतो. त्या काळी अंगठे लहान असावेत. उतरल्यापासून मान उजवीकडे वळत नाही. उजवीकडे बघण्यासारखं तसंही काही नसतं.

संकल्प: उद्यापासून पाठीचे व्यायाम.

११ मार्च, सोमवार

पाठ दुखतेय. व्यायाम उद्यापासून.

१३ मार्च, बुधवार

अण्णांना बसवलं. हात पोचवायला त्यांना टाकीवर जवळजवळ झोपावं लागलं. खांदा धरून उतरले. म्हणाले, राहू दे रे, आम्ही टॅक्सीने फिरून येऊ. आई म्हणाली, तिला कुठेच जायचं नाहीये.

तोडगा सुचवला: मी चालवतो, आई मागे बसेल, अण्णा गेटमधून हात करतील. जेवताना सगळे आपापल्या ताटात बघत होते. मला वाईट वाटलं. पण वाईट वाटणं वेगळं आणि चूक असणं वेगळं.

१५ मार्च, शुक्रवार

माघार नाही. फोटो भिंतीवरून काढून अण्णांसमोर धरला. तेव्हा वाकता येत होतं, तर आता का नाही?

अण्णांनी फोटो हातात घेतला. मग आईला म्हणाले, पन्नास वर्षं झाली, आता सांगून टाकतो. फोटोतली गाडी त्यांची नव्हेच. फोटो स्टुडिओवाल्याच्या मेव्हण्याची. फोटोपुरते तिच्यावर बसले होते, कारण आईवर छाप पाडायची होती. स्वतःकडे तेव्हा सायकल. आपली गाडी लग्नानंतर घेतली, तीही उंच हँडलबारसकट.

आई म्हणाली, तिला तेव्हाच कळलं होतं. पहिल्यांदा भेटायला आले तेव्हा पँटच्या पायाला लावलेली सायकलची क्लिप काढायला विसरले होते.

बायको हसत हसत आत गेली आणि आतही हसत राहिली. मी फोटो परत टांगला. कोन मी अचूक काढला होता. गाडीच वेगळी निघाली, त्याला मी काय करणार?

१६ मार्च, शनिवार

मेकॅनिकला फोन करून जुना हँडलबार लावायला सांगायचं, असं सकाळी ठरवलं. दुपारीही ठरवलं. पण त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आला. फोनवर चेहरा दिसत नाही हे खरं, पण मला दिसला.

१७ मार्च, रविवार

उठलो तर बाथरूममध्ये टॉवेल जमिनीवर आणि भिंतीला नुसती भोकं. खाली मेकॅनिक गाडीपाशी बसलेला, बायको त्याला पाने देतेय. जुन्या केबल अण्णांनी पलंगाखाली जपून ठेवल्या होत्या. म्हणजे कट आधीपासून शिजत होता. मला कुणी उठवलंही नाही.

अण्णा गाडीवर ताठ बसले. खांदा दुखत नव्हता, चेहऱ्यावर दिसत होतं. आई मागे बसली, त्यांच्या कमरेला हात घातला आणि गाडी सुरू व्हायच्या आधीच म्हणाली, हळू चालवा. गेले. मला फार बरं वाटलं. बाहेर कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहितोय.

परत आले तेव्हा आईचा अंबाडा सुटला होता. ती म्हणाली, आणखी एक चक्कर. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. तुझ्या मेहनतीमुळे गाडी झकास झाली, म्हणाले. गाडीवर मी केलेलं एकमेव काम सकाळीच काढून टाकलं होतं.

दुपारी माझा हँडलबार बाथरूममध्ये त्याच भोकांवर लावला. टॉवेल दोन्ही बाजूंनी घसरून खाली पडतात. बायको म्हणाली, अहो, उलटा तरी लावा.

उलटा लावणार नाही.